तांदुळज्याची जुडी

कापूरहोळच्या चौकात जीपचं मागचं चाक बसलं, म्हणून तिथंच जेवून घ्यायचं ठरलं. खरं तर जेवायचं होतं भाटघरला, स्नेहलच्या घरी. तिच्या लेकीचं बारसं होतं, आणि वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावरून तिची माहेरची चार माणसं सकाळी आठलाच निघाली होती. वडील हैबती, आई भागूबाई, भाऊ अमृत आणि त्याची बायको कोमल. जीप सोमनाथची. तो वेल्ह्याचाच, वाड्यावरच्या माणसांना एरवीही तोच ने-आण करायचा.

"टायरबी गेलाय," पंक्चरवाला म्हणाला. "तासभर धरून चाला."

हैबतींना साखरेची गोळी घेतल्यावर वेळेवर खावं लागायचं, त्यामुळं भागूबाईंनी शिदोरी बांधूनच आणली होती. नाचणीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि तांदुळज्याची भाजी. शेजारच्या हॉटेलच्या बाकड्यावर फडकं सोडलं. हॉटेलवाला कुरकुरू नये म्हणून सोमनाथनं त्याच्याकडून सगळ्यांसाठी ताक घेतलं आणि स्वतःसाठी दोन वडापाव. कोमलची संकष्टी होती. तिनं बिनदुधाचा चहा घेतला आणि ती वाढायला बसली.

"आई, भाजी कडवाट लागतीया गं," अमृत दुसऱ्या घासाला म्हणाला.

"पावसातली हाय. चटणी घे संगं," भागूबाई म्हणाल्या, आणि आपल्या वाटणीची निम्मी भाजी त्याच्याच भाकरीवर टाकली.

त्यावर कोण काय बोलणार! रानातल्या पाल्याबाबत भागूबाईंचा शब्द अख्ख्या वाड्यावर शेवटचा. कोणती भाजी कधी खुडायची, कोणती दोनदा उकळून पाणी टाकायचं, कोणतीला हातच लावायचा नाही, हे नव्या सुनांना त्यांनीच शिकवायचं. गेल्या साली रानभाज्यांचा महोत्सव झाला तेव्हा त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला होता. घरात भाजी खुडायची त्यांनी, निवडायची त्यांनी आणि चिरायचीही त्यांनीच. कोमलकडं काम फक्त फोडणीचं.

चाक बसवून जीप भोरच्या रस्त्याला लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"कोरड पडलीया तोंडाला," हैबती म्हणाले आणि पाण्याची बाटली एका दमात रिकामी केली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. कोमलनं हाताला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

"सोमनाथ, थांबीव गाडी!" ते एकदम ओरडले. "बकरी आली रस्त्यात. चिरडशील की रं!"

सोमनाथनं कचकन ब्रेक दाबला. पुढं रस्ता मोकळा होता. भाताच्या खाचरांतून एक बगळा तेवढा उडाला. त्यानं गाडी पुन्हा हळूहळू पुढं घेतली.

"कुठं हायती बकरी, मामा?" कोमलनं विचारलं.

"ही काय! हुर्र, हुर्र!" हैबती खिडकीतून हात काढून मोकळ्या रस्त्याला हाकलायला लागले.

आपला म्हातारा चेष्टा करतोय असं वाटून कोमल हसणार होती. पण तिनं अमृतकडं पाहिलं. अमृत दोन बोटांच्या चिमटीनं हवेतून काहीतरी वेचत होता. वेचायचा, खिशात टाकायचा, पुन्हा वेचायचा.

"अवो, काय करताय?"

त्यानं मान वळवली. डोळे काळेभोर, ओळख पार पुसलेली. "तुमी कुनाच्या?" त्यानं अदबीनं विचारलं.

चार वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. तेवढ्यात तो चालत्या गाडीचं दार उघडायला लागला. तिनं त्याचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि सासूला हाक मारली. मागच्या बाकावर भागूबाईंची मान कलली होती, ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता.

सोमनाथनं समोरच्या भैरवनाथाच्या फोटोखालचा अंगारा चिमटीत घेऊन मागं न बघताच उडवला आणि गाडी सुसाट सोडली. भाटघरचा फाटा मागं पडला. थेट भोर, थेट सरकारी दवाखाना.

डॉक्टर सुलक्षणा तरुण होत्या, पण हात सरावलेला होता. एकेकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, नाडी मोजली, नर्सला भराभर सूचना दिल्या. अमृतला दोन वॉर्डबॉयनी धरून ठेवलं होतं.

"बाहुल्या बघा केवढ्या झाल्यात," त्या कोमलला म्हणाल्या. "उजेड मारला तरी आकसत नाहीत. विषबाधा आहे. सकाळपासून काय काय खाल्लं? काही गाळू नका."

कोमलनं सांगितलं. ताक म्हटल्याबरोबर नर्स म्हणाली, "हायवेवरच्या हॉटेलातलं ना? मग झालंच."

"ताक म्या बी प्यालो की," दारातून सोमनाथ म्हणाला. "वर दोन वडं खाल्लं. मला काय बी न्हाई."

"भाकरी-भाजी खाल्लीत?"

"न्हाई."

डॉक्टरांनी कोमलकडं पाहिलं. "आणि तुम्ही?"

"माजा उपास हाय."

तेवढ्यात स्नेहल आली. सोमनाथनंच फोन केला होता. बारशाची नवी साडी, बाळाला जावेजवळ ठेवून नवऱ्याच्या गाडीवर बसून आलेली. आई-बाप आणि भाऊ तिघेही खाटांना बांधल्यासारखे पडलेले पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती कोमलकडं वळली.

"समदी पडली. तूच कशी उभी?"

"वन्सं, माजी संकष्टी..."

"आजच बरी आली संकष्टी!"

कोमलला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. स्नेहल तिला बहिणीसारखी होती. बाळंतपणात दीड महिना कोमलनंच तिचं सगळं केलं होतं. ती काही बोलणार तोच डॉक्टर म्हणाल्या, "उरलेली भाजी आहे का?"

डबा जीपमध्ये होता. डब्यात शिजून गोळा झालेला पाला, त्यातून काय कळणार? तेव्हा कोमलला आठवलं, सासूनं लेकीसाठी एक कच्ची जुडीही बांधून घेतली होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती आणून तिनं टेबलावर सोडली.

वरवर तांदुळजाच होता. तिनं देठ मोकळे केले आणि तिचे हात थांबले. तांदुळज्याच्या बारीक पानांत मधूनच रुंद, मऊ, दातेरी कडांची पानं होती. एका देठाला घडी घातलेल्या छत्रीसारखी लांबट कळी.

"धोतरा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

वाड्यावरचं शेंबडं पोरही धोतरा ओळखतं. बकऱ्यांच्या वाड्यामागं, उकिरड्याच्या कडेला तो माजतो आणि बकरंसुद्धा त्याला तोंड लावत नाही.

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "लक्षणं तीच सांगत होती. आता नेमकं कळलं, बरं झालं. वेळेत आणलंत, वाचतील तिघंही. पण दोन दिवस सांभाळावं लागेल."

कोमलनं सुटकेचा श्वास घेतला. पण तिला वाटलं तसं झालं नाही. स्नेहलनं ती पानं उचलली, पाहिली आणि परत टाकली.

"माझ्या आईनं धोतरा खुडला?" ती शांतपणे म्हणाली. "जिनं अख्ख्या वाड्याला पाला वळखायला शिकवला, तिनं?"

"खुडली आत्यांनीच. चिरली बी त्यांनीच, पहाटं. म्या भाकरी थापत हुते."

"आन् फोडणी कुनी दिली?"

"म्या."

"मग तुला दिसला न्हाई व्हय धोतरा?"

चिरलेल्या हिरव्या ढिगात काय दिसणार होतं? आणि सासूनं निवडलेली भाजी सुनेनं पुन्हा निवडायची, हे त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. पण हे बोलायच्या ऐवजी कोमल टेबलावरची पानं परत जुडीत बांधू लागली.

संध्याकाळी कुमार नावाचे हवालदार आले. विषबाधा म्हटल्यावर दवाखान्यानं कळवणं भागच होतं. ते सज्जनपणे विचारत होते, पण प्रश्न फिरून तिथंच येत होते. घरात भांडणतंटा? सासूशी पटतं? मूलबाळ नाही ना अजून? त्यावरून काही बोलणं?

"मी न्हाई वो काय केलं," कोमल म्हणाली. आपल्याला असं म्हणावं लागतंय, याचाच तिला धक्का बसला होता. कालपर्यंत हे वाक्य तिच्या आयुष्यात कुठंच नव्हतं.

"केलं असं कुणी म्हणत नाही, ताई. पण म्हातारी शुद्धीवर आली की तिचाही जबाब घ्यावा लागंल."

ती रात्र तिनं दवाखान्याच्या बाकड्यावर काढली. उपास सोडायचंही तिला सुचलं नाही. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला स्नेहल बसून होती. दोघींत एक अख्खं माणूस मावेल एवढी जागा होती.

सकाळी भागूबाई शुद्धीवर आल्या. त्यांनी खाल्लंच थोडं होतं. चमचाभर पाणी घेतलं, नवऱ्याची, लेकाची चौकशी केली. स्नेहल उशाशी बसली. कोमल पायाशी उभी राहिली. हवालदार कुमार वही घेऊन आले, मागून डॉक्टर.

"आजी, काल भाजी कुठं खुडली?"

"वाड्यामागं. लांब जायाला पाऊस लई हुता."

"कशाची?"

"तांदुळज्याची. दुसऱ्या कशाची?"

डॉक्टरांनी टेबलावरच्या जुडीतून कळीसकट एक पान घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे बघा बरं. हे कशाचं?"

भागूबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं नाही. ते मांडीवर ठेवून अंगठ्यानं चाचपलं, देठ दोन बोटांत फिरवला. "तांदुळजा," त्या म्हणाल्या. अगदी ठाम.

पान रुंद होतं, दातेरी होतं, आणि देठाला ती लांबट कळी होती. दारातून सोमनाथलासुद्धा दिसत होती.

"आई," स्नेहलचा आवाज कापला, "त्यो धोतरा हाय."

भागूबाईंचा अंगठा पानावर थांबला.

"थांबा," स्नेहल घाईनं डॉक्टरांकडं वळली. "विषानं झालं आसंल हे. तुमीच म्हनला हुता, डोळं अंधुक होत्यात म्हनून."

"होतात," डॉक्टर म्हणाल्या. "दोन-चार दिवस दिसायला त्रास होतोच. त्यामुळं आत्ताच्या ओळखण्यावरून काही ठरवता येणार नाही."

हवालदारांनी पेन वहीवरून उचललं. कोमलला कळून चुकलं की आपली शेवटची आशा गेली. आता सासू मान हलवील, विषानं दिसत नाही म्हणेल, आणि मग खुडताना दिसत होतं की नाही हे जगात कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

भागूबाईंनी पान मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं.

"इषाचं न्हाई त्ये," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. एका डोळ्यानं काय बी दिसत न्हाई. दुसऱ्यानं धुकं पडल्यागत दिसतंया. म्या हातानं वळखती. आजवर चुकले नव्हते."

"आई!"

"लिवा वो सायेब. भाजी म्या खुडली, म्या निवडली. सुनेनं माझ्या भरवशावर फोडणी दिली. तिचं नाव कुठं बी घिऊ नका."

कोमल खाटेची कड धरून उभी राहिली. ही बाई रोज बकऱ्यांमागं डोंगर चढत होती! पायवाटेनं तिच्या पुढं चालत होती! दोन वर्षं एका चुलीपाशी बसून आपल्याला काहीच कळलं नाही? तिला हुंदका आला तो स्वतःच्या सुटकेचा की सासूच्या आंधळेपणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"पर सांगायचं न्हाईस व्हय गं?" स्नेहल रडत म्हणाली.

"सांगितलं आसतं तर घरात बशिवली आसती मला," भागूबाई म्हणाल्या. "मग म्या काय करायचं हुतं दिसभर?"

मग त्यांनी हात पुढं केला आणि चाचपडत कोमलचं मनगट धरलं. "काल काय काय बोलली तुला ही माणसं?"

"काय न्हाई, आत्या," कोमल म्हणाली. स्नेहलनं मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी अमृत उठून बसला. त्याला कापूरहोळनंतरचं काही आठवत नव्हतं. हैबतींना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चाळीस वरसं संगं ऱ्हायलो." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

बारसं पुढच्या पंधरवड्यात झालं. स्नेहलनं माफी अशी मागितली नाही, पण नाव ठेवून झाल्यावर सगळ्या पाव्हण्यांदेखत बाळ उचलून आणून कोमलच्या मांडीवर दिलं आणि स्वतः तिच्याजवळ बसली. कोमलनं बाळ घेतलं. मनातलं सगळं निवायला अजून वेळ लागणार होता. एक वाक्य सासू बोलली नसती तर आपण आज कुठं असतो, हा विचार तिला भांडी घासता घासता मधेच येई आणि हात तिथंच थांबत.

दिवाळीनंतर भागूबाईंच्या बऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढताना शेजारी कोमल होती. डॉक्टरांनी विचारलं, "दिसतंय का, आजी?"

भागूबाई सुनेच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या, मग जवळ ओढून तिच्या गालावरून हात फिरवला.

"एवढी वाळलीस कवा गं, पोरी?" त्या म्हणाल्या.