पहिल्या चहाबरोबरची गोळी

मित्रांनो, मी एक जुनं, पाऱ्याचं बीपी मशीन आहे. हल्लीच्या आकडे दाखवणाऱ्या चिमुकल्या मशीनपुढं मला कोण विचारतं! पण जुन्या हुबळीत अनिताअक्कांच्या घरी माझा मोठा मान. अक्का दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्या माझ्याकडून गल्लीतल्या सगळ्यांचं बीपी बघायच्या.

समोरच्या घरातला बुद्धभूषण दर रविवारी यायचा. तो तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. बीपीची गोळी तो कारखान्यातल्या पहिल्या चहाबरोबर घ्यायचा. घरी विसर पडतो म्हणून गोळ्याही तिथंच ठेवलेल्या. त्यामुळं त्याच्या वेळी माझा पारा शहाण्यासारखा वागायचा, आणि मला बरं वाटायचं.

मग लॉकडाऊन आला. कारखाना बंद, चहा बंद, आणि चहाबरोबर गोळीही बंद! दुसऱ्याला हात लावायचीच भीती, म्हणून अक्कांनी मला पेटीत घालून कपाटात ठेवलं. त्या दारातूनच विचारायच्या, “बुद्धभूषण, गोळ्या आणल्यास का रे?”

“एन आगंगिल्ल अक्का, काही होत नाही मला. काम नाही, धावपळ नाही. घरी बसून कसलं बीपी वाढतंय?”

माणूस बसला म्हणून रक्तवाहिन्या काय सुट्टीवर जातात? नोकरीचा घोर, दिवसभर खाटेवर लोळणं, ताटात रोज लोणचं-पापड. त्याची बायको राणी सांगून सांगून थकली. हे दुखणं मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणारं मी कपाटात. फार जीव तुटायचा माझा.

कारखाना सुरू होणार असं कळलं, तेव्हा बुद्धभूषण खूश झाला. “रविवारी अक्कांकडं बीपी बघून येतो,” राणीला म्हणाला. शुक्रवारी सकाळी आंघोळ करून आला आणि छाती धरून खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी राणी आली. अक्कांनी माझी पेटी उघडली.

“अक्का, त्यांचं बघायचं राहूनच गेलं. माझं तरी बघा,” ती म्हणाली.

पारा बराच वर गेला. राणी म्हणाली, “सोमवारी जाते दवाखान्यात.”

अक्कांनी चपला घातल्या आणि राणीला हाताला धरून घेऊन निघाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माणसांनाही असंच हाताला धरून न्या. ती रागावतील. रागावू देत.