मठाची रडकी भिंत

पडक्या मठाच्या तळखोलीत मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. भिंतबाबांनी दार लावून घेतलं, जप सुरू झाला आणि तासाभरात काळ्या दगडांवर थेंब फुटले.

"रडले! मठाचे समाधिस्थ महंत तुमच्या दुःखानं रडले!" बाबा गरजले. "चाखून बघा, खारट! साधं पाणी कधी खारट असतं का?"

सासूबाईंनी ओली बोटं भक्तिभावानं चाटली. शेजारी उभ्या सुनेनं त्यांचा हात मागे ओढला. सासूबाईंना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. आता त्यांनी गोळ्याही सोडल्या होत्या, आणि सुजलेल्या पायांत चपला शिरत नव्हत्या.

"आई, निदान गोळी तरी घ्या."

"औषध घेतलं की आसवं रुसतात, बाबा म्हणालेत. तुझं आपलं सगळं पुस्तकातलं!"

सून शाळेत इतिहास शिकवायची. मुलांना घेऊन ती याच खोलीत कितीदा आली होती, पण दार सताड उघडं असायचं आणि भिंत कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. थेंब नाही.

"पाप्यापुढे संत रडत नाहीत," बाबा हसले. ते ज्यावर गादी टाकून बसले होते त्या झाकलेल्या दगडी कुंडाकडे बघताना तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

पुढच्या जपाला तिनं बशीभर कोरडं मीठ नेलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. भिंत पाझरली, तोवर बशीतल्या मिठालाही पाणी सुटलं होतं.

"बघा! मीठसुद्धा द्रवलं!" बाबांनी वेळ मारून नेली.

"द्रवणारच," सून म्हणाली. "तुमच्या गादीखालच्या कुंडात मठवासी लोणच्याच्या कैऱ्या खारवायचे. हे त्यांचं मिठाचं कोठार. पिढ्यान्‌पिढ्या दगडांत मीठ मुरलंय. दार लावून एवढी माणसं श्वास सोडतात, हवा दमट होते, मीठ ती ओल ओढून घेतं. महंत रडत नाहीत, बाबा. आपलीच वाफ आपण चाटतोय, मिठासकट."

"नास्तिक! हिला बाहेर काढा!"

सासूबाई बशीकडे बघत राहिल्या. मग आपल्या पायांकडे. त्यांना स्वतःचाच राग आला.

"तिला कशाला? दार उघडा," त्या म्हणाल्या. "मला गोळी घ्यायचीय."

दार उघडलं, वारा आत आला. लोक थांबून राहिले आणि बघता बघता भिंत सुकली.

चमत्कार बघायला जरूर जा. फक्त हात जोडण्याआधी दार कुणी लावलं आणि का, एवढं विचारा.