मोजल्यासारखा आकडा

संग्रहालयातल्या लोलकाच्या मोठ्या घड्याळात एकूण चाकं किती, असं घोळक्यातल्या एका आजोबांनी विचारलं, आणि गाईडसाहेबांनी पापणीही न लववता सांगितलं, “सदतीस.”

आजोबांचं समाधान झालं. बाकीच्यांनीही घड्याळाकडे जरा अदबीने पाहिलं. सगळ्यांत मागे, खांबाला टेकून, गाईडसाहेबांची बायको उभी होती. घरी विसरलेला चष्मा द्यायला ती आली होती. ‘सदतीस’ ऐकून तिच्या भुवया जशा वर गेल्या, तशा खाली येईनात.

कारण आदल्याच दिवशी जेवताना त्यांनी तिला सांगितलं होतं, की वरच्या मजल्यावर राहायला आलेल्यांनी सदतीस खोकी चढवली. त्याआधी एकदा घरी यायला उशीर झाला तेव्हा बससमोर मेंढ्या आडव्या आल्या होत्या. किती, तर सदतीस. आणि त्यांचे मामा म्हणे तरुणपणी सदतीस मैल चालत गेले होते, एका मुलीला नकार कळवायला.

ती फ्रेमच्या दुकानात कामाला होती. लोक फोटो आणायचे, चित्रं आणायचे, पोरांची प्रशस्तिपत्रकं आणायचे. ती माप घ्यायची, लाकडाची पट्टी कापायची, काच कापायची. काच केसभर मोठी झाली तर बसत नाही आणि केसभर लहान झाली तर खुळखुळते. त्यामुळे बारीकसारीक गोष्ट ध्यानात ठेवायची तिला सवय लागली होती, आणि ही सवय काही संध्याकाळी ॲप्रनबरोबर खुंटीला टांगून घरी येता येत नाही. तिने नणंदेला फोन लावला.

“ताई, हे लहानपणी थापा मारायचे का हो?”

“मारायचा का, म्हणजे? गल्लीत त्याला थापाड्याच म्हणायचे सगळे. का गं, आता काय केलं त्याने?”

“केलं काही नाही. थापेत आकडा असला तर कोणता असायचा?”

पलीकडून ताई अशा हसत सुटल्या, की त्यांना ठसकाच लागला. “अगं बाई! सदतीस! तळ्यात सदतीस कासवं आहेत म्हणाला होता मेला. आम्ही सगळी काठावर ओणवी होऊन मोजत बसलेलो, दुपारभर. एक दिसलं नाही. पण तुला कसं कळलं?”

त्या संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

“अहो, तुम्ही थाप मारली की मला कळतं.”

“कळणारच. मी मुळात सज्जन माणूस आहे.”

“सदतीस.”

गाईडसाहेबांचा कप ओठांपाशी थांबला. आता कानावर हात ठेवतील, असं तिला वाटलं होतं. उलट ते खूश झाले. इतक्या वर्षांनी कोणीतरी आपल्या कामाकडे नीट लक्ष दिलं, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला.

“बघ, चाळीस म्हटलं की लोकांना वाटतं, हा अंदाजपंचे बोलतोय. पस्तीसचं तेच. पण सदतीस म्हटलं की वाटतं, कोणीतरी बसून मोजलेलं दिसतंय. धड रूप नाही, कुठल्या पाढ्यात येत नाही. असला आकडा मुद्दाम कोण बनवेल?”

“तुम्ही.”

“मी. कारण घड्याळाचं पोट उघडून चाकं मोजायला मला कोण देणार आहे?”

“मग माहीत नाही म्हणावं.”

“माहीत नाही म्हणणारा गाईड! लोक तिकीट काढून येतात, बाईसाहेब.”

विषय हसण्यावारी गेला. पण तिच्या डोक्यातून तो आकडा काही जाईना. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने मालकांना सहज विचारलं, “पन्नासच्या आतला एखादा आकडा सांगा. कोणताही.”

“सदतीस,” मालक म्हणाले. “का? कोणाची फ्रेम राहिली?”

काच पोचवणारा म्हणाला सतरा. नातवाचा फोटो घेऊन आलेल्या बाई मात्र, बराच विचार करून, सदतीसच म्हणाल्या. म्हणजे नवऱ्याने शोध लावला नव्हता. लोकांच्या मनात तो आकडा आधीच बसलेला होता, त्यांनी फक्त त्याला कामाला लावलं होतं.

मग तो तिला जागोजागी भेटू लागला. पायातल्या चपलेच्या तळाशी सदतीस. अंग कसकसलं म्हणून थर्मामीटर लावला, तर पारा सदतीसवर, म्हणजे ताप नाही. वाचनालयात आत्मचरित्रांचं कपाट सदतीस नंबरचं. समोरच्या थांब्यावरून जाणारी बसही त्याच नंबरची. दोन-तीन दिवस तिला वाटलं, आपल्यावर पाळत ठेवली आहे कोणीतरी. ती घाबरली नाही. तिला मजा वाटत होती. पण मजेचंही माप घेतलेलं बरं, म्हणून एका सकाळी तिने ठरवलं, आज सदतीसकडे पाहायचं नाही. आज अठ्ठावीस शोधायचा.

दुपारपर्यंत अठ्ठावीसनेही तिचा पिच्छा पुरवला. दाराच्या पाटीवर, औषधाच्या पाकिटावर, एका धावपटूच्या फोटोत छातीवरच्या फडक्यावर. आकडे बिचारे आपापल्या जागी मुकाट होते. वणवण चालली होती ती तिच्या डोळ्यांची.

तेव्हा तिने आपल्यापुरता निकाल लावला. जगातला सदतीस निरुपद्रवी. नवऱ्याच्या तोंडातला सदतीस तेवढा जपून ऐकायचा.

त्यानंतर काही दिवसांनी संग्रहालयाची एक फ्रेम दुकानात दुरुस्त होऊन तयार होती, ती पोचवायला ती स्वतःच गेली. दालनं दोन मजल्यांवर होती. मधल्या जिन्याच्या वळणावर घोळका थांबलेला होता आणि गाईडसाहेब भिंतीवरच्या एका चित्राबद्दल बोलत होते. नदीकाठी चार गाई, एवढंच चित्र.

“हे चित्र पुरं करायला चित्रकाराला सदतीस महिने लागले. का? तर गाई एका जागी उभ्या राहीनात.”

लोक हसले. ती हसली नाही. ते चित्र म्हणजे कॅलेंडरवरून कापलेला कागद होता. भिंतीला ओल आली होती, ती झाकायला काहीतरी द्या, म्हणून संग्रहालयातूनच सांगणं आलं होतं आणि तिनेच तो फ्रेममध्ये बसवला होता. ह्या वळणावर नवरा कधीच थांबत नसे. घोळका धापा टाकत मागे राहायचा आणि हा वर पोचून त्यांची थट्टा करायचा.

तिने चित्र सोडून त्यांच्याकडे पाहिलं. कठडा त्यांनी असा धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दोन वाक्यांच्या मध्ये खांदे वर जात होते, खाली येत होते. गाईंची गोष्ट लांबत गेली. एक गाय पळाली, ती सापडली, चित्रकाराचं त्या गवळ्याशी भांडण झालं. श्वास जागेवर आला तशी गोष्टही संपली. “चला, वर जाऊ या.”

ही थाप लोकांसाठी नव्हती.

घरी तिने वेळ घालवला नाही. “जिन्यावर का थांबता?”

“चित्र चांगलं आहे.”

“मीच लावलंय ते. धाप कधीपासून लागते?”

“वय झालं. तुलाही लागेल.”

“हृदय तपासून घ्यायचं. मी येते बरोबर.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे? जातो माझा मी.”

दोन दिवसांनी त्यांनी अर्धी सुट्टी घेतली. संध्याकाळी ती दुकानातून आली तेव्हा ते खुर्चीत बसून मोजे घड्या घालून ठेवत होते. हे काम त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

“झाली तपासणी?”

“झाली. छातीला गार मलम फासलं आणि टीव्हीवर हृदय दाखवलं. हलत होतं.”

“आणि?”

“आणि काय. पंप चालू आहे. सदतीस आहे म्हणाले.”

ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. “गेलाच नाहीत तुम्ही.”

“गेलो होतो.”

“सदतीस?”

“सदतीस.”

“अहो, निदान मला तरी सोडायचं होतं त्यातून.”

ती आत गेली आणि भांड्यांवर राग काढू लागली. बाहेरून प्रत्युत्तर आलं नाही. एरवी कोणी आरोप केला की गाईडसाहेब त्याला शेपटीसकट परत पाठवत. आज ते मोज्यांच्या घड्याच घालत राहिले. पण रागाच्या भरात तिचं तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच दवाखान्यात गेली. नवऱ्याच्या नावाने वेळ घ्यायची आणि हाताला धरून आणायचं, असा तिचा बेत होता. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर पाहिलं.

“काल येऊन गेले की हे. तुम्ही घरच्या?”

“काल?”

“हो. बरं झालं तुम्ही आलात. घरच्या कोणाला तरी घेऊन या, असं सांगितलं होतं त्यांना. बाकी मला काही बोलता येणार नाही, त्यांनाच विचारा. उद्या सकाळची वेळ देऊ?”

“द्या,” ती म्हणाली. दुकानात परतल्यावर तिने एक काच कापली आणि ती चुकली. मालकांनी तुकडे पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि घरी जायला सांगितलं.

गाईडसाहेब नंतर आले. तिने त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत.

“सदतीस कशापैकी?”

ते दाराशीच भिंतीला टेकले. “शंभरपैकी. हृदयात जेवढं रक्त भरतं, त्यातलं एका ठोक्यात किती बाहेर ढकललं जातं, त्याचा हिशोब असतो.”

“असायला किती हवं?”

“पन्नासच्या पुढे. साठ असलं तर छान.”

“मग काल सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. सदतीस म्हटलं.”

“मला खरं वाटणार नाही, हे माहीत असून?”

त्यांनी एका पायातली चप्पल काढली, दुसरी राहू दिली. “हो,” ते म्हणाले. “म्हटलं, सांगितल्याचं समाधान मला आणि तुला घोर नाही. तू आपली चिडशील, चार दिवस बोलणार नाहीस. तेवढ्यात मी काय करायचं ते ठरवीन.” मग जरा थांबून म्हणाले, “खरं सांगू? मलाही खरं वाटलं नाही गं. डॉक्टरीणबाई सदतीस म्हणाल्या आणि मला वाटलं, ह्या आपल्यातल्याच दिसतात. मोजलं नसणार, दिला ठोकून. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.”

ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. ती वाकली आणि त्यांची दुसरी चप्पल काढून बाजूला ठेवली.

“उद्या सकाळी दोघं जायचं,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी औषधं समजावून सांगितली, मीठ कमी करायला सांगितलं, काही दिवस जिने नकोत म्हणाल्या. मग पेन उघडून विचारलं, “दम लागायला किती दिवस झाले?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मध्ये बोलायचं नाही, असं ती ठरवून आली होती.

“नक्की नाही सांगता यायचं,” गाईडसाहेब म्हणाले.

“अंदाजे सांगा.”

“अंदाज नको. माझे अंदाज लोकांना खरे वाटतात, तीच तर अडचण आहे.” ते खालच्या आवाजात बोलू लागले. “जे आठवतं ते सांगतो. उन्हाळ्यात एकदा बस पकडायला पळालो आणि रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. दुकानदाराने पाणी दिलं. त्यानंतर मी बसमागे पळायचं सोडलं. पुढची बस घ्यायचो. उशी उंच करून झोपतो. हिला सांगितलं, मान दुखते.”

ते तिच्याकडे न बघता सांगत होते. ती सगळं ऐकत होती; एकेक गोष्ट तिच्यासमोर घडलेली होती आणि प्रत्येकीचं वेगळं कारण तिने मान्य केलं होतं. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या.

“हा आकडा वाढतो का?” तिने विचारलं.

“औषधांनी बऱ्याच जणांचा वाढतो. काहींचा नाही वाढत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.”

“माझा किती वाढेल?” गाईडसाहेबांनी विचारलं.

“ते आज नाही सांगता येणार.”

“साधारण?”

“साधारणही नाही. तेव्हा मोजू आणि सांगू.”

बाहेर आल्यावर ते लिफ्टच्या दारापाशी थांबले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकून बसली होती. तिने औषधांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“डॉक्टर बऱ्या आहेत,” ते म्हणाले. “एवढं खोदून विचारलं, तरी आकडा दिला नाही.”