पाण्याची लस

बालवाडीतली सर्दी छोटीला होणार, छोटीची आजोबांना होणार आणि मग पुन्हा गेल्या थंडीसारखं होणार, या काळजीने आमच्या आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला ठाऊक आहे, कारण मी तिच्या उशाशी, औषधांच्या डब्यात राहते. ती सारखी डबा उघडून बघत होती. सगळं जागेवर दिसलं की तिला बरं वाटतं. तेही पाच मिनिटंच.

मी सिरिंज आहे. बिनसुईची. छोटीच्या तापाच्या औषधाबरोबर, त्याच खोक्यातून या घरी आले. माझ्या बहिणी दवाखान्यात दंड टोचतात, लोकांचे जीव वाचवतात. मी गोड औषध पाजायचे. बाटली संपली आणि मला बढती मिळाली. छोटीने मला पाण्याच्या वाटीत बुडवलं आणि त्या दिवसापासून मी लस टोचू लागले.

रोज दुपारी आजोबा बाही वर सरकवून खुर्चीत बसतात. छोटी, म्हणजे त्यांची 'डॉक्टरीणबाई', मला त्यांच्या दंडावर टेकवते. आजोबा घर डोक्यावर घेतात, "आई गं! मेलो, मेलो!" छोटी फुंकर घालून म्हणते, "झालं हं. शहाणं बाळ ते." इतक्या लसी जगात दुसऱ्या कुणी घेतल्या नसतील. सगळ्या नळाच्या.

खऱ्या लसीचा विषय निघाला की मात्र आजोबांना नेमकं काहीतरी काम आठवतं. गेल्या थंडीत साध्या फ्लूचा त्यांना न्यूमोनिया झाला. नाकाला नळी लागली आणि छोटीला काचेपलीकडून नुसता हात हलवावा लागला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "वय झालं की अंगातला पहारेकरी डुलक्या काढतो. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या. त्यानंतर सर्दी होणारच नाही असं नाही, पण दुखणं इतकं वाढून इथे यायची वेळ सहसा येणार नाही." आजोबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईत आहेत.

गंमत म्हणजे छोटीला प्रत्येक लसीला तेच घेऊन जातात. "मुंगी चावल्यासारखं होतं, घाबरायचं काय त्यात?" हे वाक्यही त्यांचंच.

परवा जेवताना आईने, मनात चारदा घोकलेलं, एकदाचं बोलून टाकलं.

"बाबा, लस घेऊन येऊ या का उद्या?"

"अगं, लसी लहान मुलांना असतात. शिवाय मी रोज घेतोच की!"

"पाण्याची?"

"काही त्रास नाही बघ तिचा."

आईला हसू आलं आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. "खरीचाही फार नसतो. दंड दुखेल, थोडी कणकण येईल एखाददोन दिवस."

आजोबा हळूच म्हणाले, "या वयात माझ्यावर कशाला फुकट घालवायची? जुनं यंत्र झालंय आता."

आजोबांचं सगळं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलंय. आपण आगाऊपणा तर करत नाही ना, असं आईला वाटत असणार. तिला ते नेहमीच वाटतं. तरी ती बोललीच, "बाबा, लिफ्ट जुनी झाली की तुम्ही तेलपाणी बंद करायचात?"

"छे! उलट जुन्या लिफ्टला जास्तच..." आजोबांनी जीभ चावली. "बरी पकडलीस! येतो. पण तूही घ्यायचीस. घरात सर्दी फक्त माझ्यामुळे शिरते असं थोडंच आहे?"

आईचा चेहरा पडला. सुई बघून तिला घेरी येते, हे आजवर फक्त मला आणि डब्यातल्या कापसाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. मलाही नेलं, छोटीच्या मुठीत, तज्ज्ञ म्हणून. आईने डोळे मिटून, दात आवळून लस घेतली. मी माझ्या बहिणीला पहिल्यांदाच काम करताना बघत होते. ना फुंकर, ना कौतुक. क्षणभराचं काम आणि थेट कचऱ्याचा डबा. माझे मात्र घरात लाड चालू. जग असंच आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एक सांगते. माझ्याशी खुशाल खेळा. पण आजी-आजोबांना माझ्या भरवशावर ठेवू नका. माझ्यात पाणीच आहे. त्यांना कोणती लस हवी, ते डॉक्टरांना विचारा आणि हाताला धरून घेऊन जा.

मग आजोबांची पाळी आली. नर्सबाईंनी सुई टोचली तेव्हा ते छोटीकडे बघून हसत होते. तोंडातून हूं की चूं नाही. "झालं हं, आजोबा," म्हणत नर्सबाईंनी कापूस दाबला. आईने हुश्श केलं.

छोटी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती. तिने नर्सबाईंची बाही ओढली.

"अहो, हे ओरडलेच नाहीत. यांना लस लागलीच नाहीये. परत द्या."