गोलकीपर आणि तुटलेला सेन्सर

आम्ही आठ जणी माझ्या व्हॅनमध्ये होतो. सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या, सगळ्या हिरव्या जर्सीत, आणि सगळ्या एकदम गात होतो, प्रत्येकीचा सूर वेगळा. महदियाचा आमचा हँडबॉलचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्याला निघाला होता. सामना चार वाजता क्सार हलालला. अजून बारासुद्धा वाजले नव्हते. वाटेतल्या बेकाल्टा गावाच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा टुणकन उडी मारून लाल खुणेवर जाऊन बसला.

"वहीबा, पेटवलीस का गाडी?" मागून झकिया ओरडली.

झकिया आमची गोलकीपर आणि माझी चुलत बहीण. वय सत्तेचाळीस. ऑलिव्हच्या तेलगिरणीत यंत्रं दुरुस्त करते. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की म्हणते, "वेळ कुठे होता?"

धूर नव्हता, वाफ नव्हती. पुढेच अंजिराच्या झाडाखाली एक गॅरेज दिसलं, तिथे गाडी घातली. आतून एक उंच, लाजरा माणूस हात पुसत आला. नाव हत्ताब. त्याने पाणी पाहिलं, नळ्या चाचपल्या आणि म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. सेन्सर खोटं बोलतोय. दहा मिनिटांचं काम."

आणि दहा मिनिटांतच झालं असतं. पण त्याने पाना लावून जोर दिला आणि नेमकी तेव्हाच झकिया हसली. तिचं हसणं पोटातून येतं, समोरच्याला वळून बघावंच लागतं. हत्ताबने वळून बघितलं, हात मात्र जोर देतच राहिला, आणि कट्! सेन्सरचं डोकं पान्यात आणि धड इंजिनात.

हत्ताबचे कान लाल झाले. "असं माझ्या हातून कधी होत नाही," तो म्हणाला.

"बघत होतास कुठे, बाबा?" मन्नूबिया खालतीने विचारलं. खालती म्हणजे मावशी. एकसष्ट वर्षांची आमची ही प्रशिक्षक साऱ्या महदियाचीच मावशी आहे.

तुटक्या तुकड्यावर त्याने गंज सोडवणारं तेल मारलं. ते मुरेपर्यंत आणि इंजिन निवेपर्यंत थांबणं भाग होतं. आम्ही झाडाखाली बसून हरिसाची तिखट चटणी लावलेल्या मलावीच्या पोळ्या खाल्ल्या, आणि खालतीने हत्ताबची उलटतपासणी घेतली.

"बायको?"

"सहा वर्षं झाली जाऊन. अल्ला तिला शांती देवो."

"मुलं?"

"एक मुलगी. नवऱ्याबरोबर स्फाक्सला असते."

"घोरतोस?"

"खालती!" झकिया किंचाळली. आम्ही हसून लोळायच्या बाकी होतो.

"मला कसं कळणार? मी तर झोपलेला असतो," हत्ताब गंभीरपणे म्हणाला. त्यावर झकिया पुन्हा तशीच हसली. बरं झालं, त्याच्या हातात पाना नव्हता.

इंजिन निवल्यावर त्याने तुकड्याच्या बरोबर मध्ये भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांची खिळी ठोकली आणि उलटी फिरवायला लागला. तुकडा करकरत, कुरकुरत बाहेर आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने मात्र तुकडा उजेडात धरला आणि मट्कन खाली बसला. सेन्सरच्या पितळेला चिकटून इंजिनाचे ॲल्युमिनियमचे आटेही सोलून निघाले होते. भोक गुळगुळीत. नवा सेन्सर बसायचा कशात?

"आता इंजिनाचं हेड उतरवून लेथच्या दुकानात न्यावं लागेल. परवापर्यंत होईल," तो पुटपुटला.

खालतीने लगेच क्सार हलालच्या संघाच्या कप्तानीणबाईंना फोन लावला. "आम्ही येतोय. आमच्याशिवाय सुरू केलंस, तर तुझं खरं वय मी मैदानावर ओरडून सांगेन." मग सामना पाचला ढकलला गेला.

झकियाने बाह्या सरसावल्या. "सी हत्ताब," ती अदबीने म्हणाली, "भोकात नवे आटे तयार करणारी तारेची गुंडाळी आहे का तुमच्याकडे? या मापाची?"

"आहे. चार वर्षांपूर्वी पेटी आणली. पण कधी उघडली नाही."

"का हो?"

"भीती वाटते, लेल्ला झकिया," तोही तितक्याच अदबीने म्हणाला. " वाकडं गेलं तर इंजिन कामातून जाईल."

"गिरणीत मी महिन्याला दोन बसवते. तुम्ही धरा, मी सांगते."

मग दोघं इंजिनावर वाकली. डोक्याला डोकं लागत होतं आणि मागे हटायचं नाव कुणी घेत नव्हतं. कीस आत पडू नये म्हणून झकियाने ड्रिलला ग्रीस थापलं. हत्ताबने भोक थोडं मोठं केलं, मग टॅपने नवे आटे पाडायला घेतले. "अर्धा फेरा पुढे, पाव मागे. घाई नको. सरळ धरा... हां, अस्सं."

"असं?"

"असंच. हात छान स्थिर आहे तुमचा."

हत्ताबचे कान पुन्हा लाल झाले. आमच्यातली एक जण हाताआड फिसकन हसली.

भोक स्वच्छ पुसून हत्ताबने स्टीलच्या तारेची गुंडाळी आत फिरवत बसवली. आता गुंडाळी फिरवण्यापुरतीच असलेली तिच्या तळाची छोटी दांडी मोडायची होती, आणि ती आत पडता कामा नव्हती. झकियाने लांब चोचीच्या पकडीने दांडी धरली. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या. तिने ती वर वाकवली, खाली वाकवली. टक्! दांडी पकडीतच होती. आमच्याकडे लग्नात देतात तशा आम्ही जीभ हलवून लांबलचक किलकाऱ्या दिल्या. शेजारचा टरबूजवाला धावत आला. "कुणाचं ठरलं?" त्याने विचारलं.

"ठरतंय, ठरतंय!" खालती म्हणाली.

नवा सेन्सर नव्या वॉशरसह अलगद बसला. पाणी भरलं, इंजिन चालू केलं. काटा मधोमध येऊन शहाण्यासारखा थांबला. एक थेंबही गळला नाही.

"रस्त्यात पुन्हा बघावं लागेल," हत्ताब आमच्याकडे न बघता म्हणाला, "मी सोबत आलो तर बरं." त्याने गॅरेजचं शटर ओढलं आणि तो मागच्या बाकावर अंग चोरून बसला, बरोबर झकियाशेजारी. तीच जागा तेवढी रिकामी ठेवली होती आम्ही.

सामना आम्ही एकतीस-बारा असा हरलो. झकियाची नजर चेंडूपेक्षा प्रेक्षकांत जास्त होती, आणि हत्ताब तर तिच्यावर गोल झाला तरी उठून टाळ्या वाजवत होता. हरूनही आम्ही इतक्या नाचलो, की जिंकलेल्या बायका आमच्याकडे बघत राहिल्या.

परतताना बेकाल्टाला तो उतरला. दार धरून उभाच राहिला. "पुढच्या रविवारी सेन्सर तपासायला येऊ का?"

"सेन्सरला काही होणार नाही," झकिया म्हणाली. "तुम्ही मात्र या."

रविवारपर्यंत त्याला धीर धरवला नाही. गुरुवारीच आला, दाढी करून, सोबत बहीण आणि बदामाच्या मिठाईची परडी घेऊन.