विचारपुशीची वही

आमच्या ठाण्यामागच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या ठेवतात. ठेवतात म्हणजे कोंबतात. साठ गाड्यांची जागा, गाड्या तीनशेच्या वर. खटला संपेपर्यंत गाडी हलत नाही, आणि खटला कधी संपेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

हे आवार सांभाळणारा हवालदार मी. साहेब उठता बसता एकच म्हणतात, "जागा कर." जागा काय माझ्या खिशात आहे? शेवटी मीच एक युक्ती काढली. कोण कोणत्या गाडीची चौकशी करायला आलं, त्याची वही घातली. जिला विचारणारं माणूस आहे ती गाडी फाटकाजवळ. तीन महिने कुणी फिरकलं नाही की ती मागच्या भिंतीशी, ढिगात. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

वहीत सगळ्यात जास्त सह्या एका बाईच्या होत्या. दर सोमवारी यायची, म्हणून मी तिला सोमवारताई म्हणायचो. तिच्या भावाच्या दोन्ही पायांत जोर नाही. मागे दोन जादा चाकं लावलेली त्याची स्कूटर अपघातात सापडली. ठोकणारा दुसराच होता, पण पुरावा म्हणून दोघांच्याही गाड्या आत आल्या. तेव्हापासून दोन वर्षं भाऊ घरात बसून. ताई यायची, स्कूटरवरची धूळ पुसायची, चाकांतली हवा दाबून बघायची.

"कधी सुटेल हो, दादा?"

"माझ्या हातात असतं तर आजच दिली असती."

"घरी गेले की तो विचारतो. काय सांगू?"

"सांगा, मजेत आहे. पोलिसांचा पहारा आहे तिला."

एका सोमवारी ती आली ती पाय ओढतच. पावलं सुजून टम्म झाली होती. दोन बस बदलून यायची बिचारी. मला राहवलं नाही. "ताई, कशाला हेलपाटे घालता? आता येऊ नका. कोर्टाचा कागद हातात पडला की थेट या. तोवर स्कूटर माझ्यावर सोडा."

तिने पदराने डोळे टिपले. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढे साडेतीन महिन्यांनी चोरीच्या वाळूचे अकरा ट्रक एकदम दारात उभे राहिले. साहेबांचा पारा चढला. संध्याकाळच्या आत जागा हवी. मी वही उघडून नंबर वाचत सुटलो आणि क्रेनवाला गाड्या उचलत सुटला. मान वर करायला फुरसत नव्हती. मध्येच तो पलीकडून ओरडला, "हवालदार, हिची बाजूची चाकं आड येतात! वरच्या गाड्या नीट बसत नाहीत!"

"दाब की मग!" मी ओरडलो आणि पुढचा नंबर वाचला.

काल सोमवारताई आली. हातात कोर्टाचा कागद, चेहऱ्यावर हसू. "भाऊपण आलाय, दादा. बाहेर रिक्षात बसलाय. म्हणतो, घरी जायचं ते स्वतः चालवतच."

मी फाटकाजवळ पाहिलं. स्कूटर तिथे नव्हती. क्रेनवाल्याला बोलावलं. ढिगाच्या तळातून स्कूटर निघाली, पण तिला स्कूटर म्हणायचं ते केवळ नंबरपाटीमुळे. हँडल सीटला टेकलं होतं. जादा चाकं पापडासारखी चपटली होती.

"हे कुणी केलं?" ताईने विचारलं.

क्रेनवाल्याचं नाव घेता आलं असतं, साहेबांचंही. पण जीभ रेटली नाही. "मी," म्हटलं. "तीन महिने कुणी विचारायला आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे..."

"तुम्हीच म्हणालात ना, येऊ नका?"

ती रडली नाही, ओरडलीही नाही. चपटलेल्या चाकावरची माती पदराने पुसू लागली. मग थांबून म्हणाली, "त्याला तुम्हीच सांगा. माझ्याने नाही व्हायचं."

मी बाहेर गेलो. तो रिक्षात हेल्मेट घालून बसला होता, हातात चावी.

"तुम्हीच का ते हवालदारदादा?" तो म्हणाला. "ताई नेहमी सांगायची. तुम्ही होतात म्हणून निर्धास्त होतो बघा."