कोठीची खोली

“आणि ह्या आमच्या मालकीणबाई,” मालक दारातून म्हणाले, तेव्हा बाईंच्या तोंडात औषधाची गोळी होती. पाण्याचा पेला हातात तसाच धरून त्यांनी मान हलवली.

मालकांच्या मागे पाहुण्यांची ही गर्दी. हॉटेलला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाल्याचा आज समारंभ होता. दारावरची नवी पाटी, जेवणाचं दालन, जिना असं सगळं दाखवून झालं आणि मालक त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन आले.

“किती छान! तुम्ही अजून इथेच राहता?” एका पाहुणीने कौतुकाने विचारलं.

बाईंनी गोळी गिळली. “जाणार कुठे?”

सगळे हसले. मालकही हसले. कुणीतरी फोटो काढला आणि मंडळी चहाला खाली गेली.

लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून बाईंनी या हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. गेल्या वर्षी हातात ट्रे घेऊन वर येताना त्या त्याच जिन्यावरून घसरल्या. जिना लाकडी, अरुंद, वळणावळणाचा. हॉटेलच्या प्रत्येक फोटोत तोच. “आपल्या हॉटेलचा जीव जिन्यात आहे,” मालक म्हणायचे. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी जिना बंद केला आणि बाईंचं जग त्या एका खोलीएवढं झालं. खाली निजायला जागा म्हणाल तर स्वयंपाकघराला लागून असलेली कोठी तेवढी होती. ती रिकामी करून द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं.

“अहो, कोठीचं काय झालं?” सकाळीच त्यांनी विचारलं होतं.

“बघू गं. एवढा समारंभ उरकू दे. इतके दिवस थांबलीस, आता आठवडाभराने काय बिघडतंय?” कोटाची बटणं लावत मालक म्हणाले होते.

आता आचारी चहा घेऊन वर आला. कप ठेवला तरी तो जाईना.

“काय रे, काय झालं?”

“बाई, कोठीच्या दारात आडवी दोरी बांधलीय. तपासणीला आले होते ना, त्या साहेबांना जुन्या बरण्या, तराजू फार आवडले. कोठी अशीच ठेवा, लोकांना दाखवा म्हणाले.”

“आणि मालक?”

“हो म्हणाले.” आचाऱ्याने जमिनीकडे पाहिलं. “पंधरा दिवस झाले.”

बाईंनी चहा पूर्ण प्यायला. मग काठी आचाऱ्याच्या हातात दिली. “ही धर, आणि माझ्या पुढे चल. पडले तर तुझ्या अंगावर पडेन.”

“बाई, डॉक्टर…”

“डॉक्टर राहतोय का इथे?”

जिन्याच्या वरच्या पायरीवर त्या बसल्या आणि लहान मूल उतरतं तशा एकेक पायरी बसत बसत उतरू लागल्या. वळणावर खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून थोडा वेळ तिथेच थांबल्या. खाली मालकांचं भाषण चाललं होतं. बाई दिसल्या तसं ते अडखळलं.

“अगं, हे काय? मला सांगायचंस!”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?” बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

त्या काठी टेकत कोठीपाशी गेल्या, दोरी सोडली, तराजू बाजूला सारायला लावला. “वरची गादी आण,” त्यांनी आचाऱ्याला सांगितलं. मालक नुसते उभे होते. त्यांनी आचाऱ्याला अडवलं नाही, पण गादीला हातही लावला नाही.

गादी घातली गेली. बाई टेकतात न टेकतात तोच दोन पाहुण्या दारात डोकावल्या. “हेसुद्धा जुन्या काळचंच का हो?” एकीने हळूच विचारलं.

“ही खोली दाखवायची नाही,” बाहेरून मालकांचा आवाज आला. “चला, तिकडे चला.”

त्यांनी दार ओढून घेतलं आणि सवयीने बाहेरून कडी घातली. कोठीच्या दाराला आतून कडी कधी नव्हतीच. पावलं दालनाकडे गेली. थोड्या वेळाने पुन्हा भाषण सुरू झालं, टाळ्या वाजल्या.

बाई आडव्या झाल्या. बरण्यांच्या फळीखाली जेमतेम पाय पसरता येत होते. खिडकी नव्हती. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती, नळ वाहत होता. मग दुधाचा करपट वास आला.

त्यांनी काठीने भिंतीवर ठोकलं. “अरे, दूध लागलं! गॅस बारीक कर!”

“केला, बाई!” पलीकडून आवाज आला.